आबांच्या तिसऱ्या दिवसाची फायनल

रक्षा निवली होती, तरी हिंदुराव तात्यांनी तिच्यावर पुन्हा पाणी मारायला सांगितलं. पंचगंगेच्या स्मशानात सकाळची गर्दी होती. शेजारच्या चौथऱ्यावर कुणाच्या तरी चितेच्या शेणी अजून धुमसत होत्या आणि वाऱ्यानं धूर आमच्याकडे येत होता. सिकंदर मुजावर घागर घेऊन माझ्या डोक्याशी उभा होता. त्यानं वाकून पाणी ओतलं, मी हातानं रक्षा सारली, आबांची उरलीसुरली हाडं वेचून मडक्यात भरली. पाणी कमी पडलं की मी हात थांबवायचो, तो पुन्हा ओतायचा. एवढ्या वेळात आम्ही एकमेकांकडे एकदाही पाहिलं नाही. पाचवीपासून एका बाकावर बसलेली माणसं आम्ही.

आबा शुक्रवारी पहाटे गेले. दम्यानं. मी कुणाला कळवायला बाहेर पडायच्या आत तालमीची पोरं दारात आली होती. आमच्या पेठेत असंच असतं. घरात माणूस गेलं की घरच्यांनी फक्त बसून राहायचं, बाकीचं तालीम बघते. तिरडी बांधणारे ठरलेले, शेणींची गाडी सांगणारे ठरलेले. तालमीच्या कोपऱ्यावरच्या फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं गेलं, आमचे जुने गोलकीपर नामदेव सासने यांचे दुःखद निधन. खांदा द्यायला इतकी पोरं होती की मला पुढं मडकं धरून चालण्यापलीकडे काही काम उरलं नाही. सगळं कसं बिनचूक चाललं होतं. फक्त माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मला काही सांगायचं असलं तर ते माझ्या मामाला सांगायचे आणि मी हातभर अंतरावर उभा असायचो. पोराला म्हणावं उपरणं घे. पोराला म्हणावं उजव्या बाजूनं फीर.

मला रडू येत नव्हतं. मी वाट बघत होतो की आता येईल, मग येईल. अंगावर ओला टॉवेल टाकून उभा असल्यासारखं वाटत होतं, एवढंच.

न्हाव्यानं डोकं केलं, नदीत बुडी मारून मी वर आलो, तेव्हा तात्या पायऱ्यांवर थांबले होते. हिंदुराव तात्या म्हणजे नागझरी तालमीचे अध्यक्ष आणि आबांचे जन्माचे मित्र. आबा गोलमध्ये आणि तात्या त्यांच्यापुढं स्टॉपर, अशी दोघांनी तरुणपणी कितीतरी मैदानं गाजवली होती. सबंध सीझन तात्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं. आता ते माझ्याकडे बघत होते.

"दुपारी मॅच हाय," ते म्हणाले. "थोडं खाऊन जा. रिकाम्या पोटी पळू नगंस."

एवढं बोलून ते वर चढून गेले. मला बरं वाटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

मॅच म्हणजे फायनल. नागझरी तालीम विरुद्ध थोरली वेस. आणि मी थोरल्या वेशीचा सेंटर फॉरवर्ड होतो.

हे कोल्हापूरबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्याला वाटतं, एका क्लबातून दुसऱ्यात गेला, त्यात काय मोठं. पण आमच्याकडे फुटबॉल क्लबाचा नसतो, पेठेचा असतो, आणि पेठेचा संघ तिच्या तालमीच्या नावानं उतरतो. ज्या तालमीच्या सावलीत जन्मलात तिचा टी-शर्ट तुमच्यासाठी आधीच शिवून ठेवलेला असतो. मी शाळेत असल्यापासून नागझरीकडून पुढं खेळलो. सासन्यांचा इंद्या म्हटलं की पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे ओळखायचे. चहाचे पैसे मला कधी द्यावे लागले नाहीत. आणि मग त्या साली आबांचा दमा वाढला, गवंडीकाम सुटलं, आणि थोरल्या वेशीच्या मानसिंगरावांनी निरोप धाडला की त्यांच्या पतसंस्थेत शिपायाची जागा आहे, वर्षभरानं कायम करू, फक्त खेळायचं आमच्याकडून. थोरली वेस आमच्या घरापासून चालत गेलं तर बिडी संपायच्या आत येते. पण ते अंतर चालून पलीकडं गेलेला माणूस मेल्यात जमा.

आबांना विचारलं. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. बराच वेळ दम खात राहिले आणि म्हणाले की पोट काय पेठ बघत नाही, जा.

मी गेलो आणि मग शिव्यांचा पाऊस सुरू झाला. सकाळी दूध आणायला निघालो की कट्ट्यावरून आवाज यायचा, काय सूनबाई, सासर कसं हाय, सासू नीट नांदवतीया न्हवं? माहेरपणाला कधी येणार? एकदा तालमीची पोरं हलगी वाजवत घरी आली आणि माझ्या नावानं ओटी देऊन गेली. खण, नारळ, मूठभर तांदूळ, सगळं रीतसर. आईनं दारात उभं राहून पदरात घेतलं. नंतर त्या खणाची चोळी शिवली आणि घातलीसुद्धा. कापड चांगलं होतं, म्हणाली. लीगच्या मॅचला नागझरीची गॅलरी माझ्या सात पिढ्या उद्धरत होती, त्यासाठी खास गाणं रचलं होतं, आणि मैदानात सिकंदर पहिल्या मिनिटापासून माझ्या नडग्या फोडत होता. त्याच्या बुटाची एक खूण अजून डाव्या पायावर आहे. पावसाळ्यात खाजते.

आबांनी मात्र कट्ट्यावर बसणं सोडलं नाही. काठी टेकत टेकत संध्याकाळी तालमीत जायचे आणि आपल्या पोराला लोक काय काय म्हणतात ते ऐकून यायचे. नुसतं ऐकायचे नाहीत, स्वतःही दोन घालायचे. त्यांच्या शिव्या जुन्या वळणाच्या होत्या, पोरांना माहीतही नव्हत्या अशा. घरी येऊन मला सांगायचे, "आज तुला काय म्हटलं ऐक," आणि त्यात आपल्या पदरचं मीठमिरची घालून सांगायचे, हसायचे, हसता हसता उबळ यायची, मग आई त्यांची पाठ चोळायची. मला मनातून राग यायचा. घरात बसून आजारी माणसानं आपल्याच पोराची थट्टा करावी हे काय. पण त्यांना बोलणार कोण?

गेलेला परत येत नाही असं नव्हतं. आमच्यात त्याची रीत आहे. सीझन संपला की नारळ घेऊन तालमीच्या मारुतीसमोर जायचं. जुनीजाणती माणसं असतात ती आधी शिव्या देऊन तासडतात, एखादा दोन थोबाडातही देतो, मग नारळ फोडतात आणि पुन्हा तुम्ही पेठेचे. आबांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. नोकरीत कायम झालो की नारळ घेऊन जायचं आणि ते स्वतः माझ्याबरोबर येणार. पेठेनं मला परत घ्यावं यापलीकडे मला त्या साली काही नको होतं. गोल मारायचो ते नोकरीसाठी. रात्री अंगावर घेऊन झोपायचो ती नागझरीची जुनी जर्सी.

स्मशानातून घरी आलो तर अंगणात पाहुण्यांची बैठक भरलेली. मामा म्हणाले, सुतकात मैदानावर जाणं शोभत नाही, लोक तोंडात शेण घालतील. आत्याचं म्हणणं होतं की बापाची रक्षा नदीत जाते न जाते तोच याला चेंडूला लाथा मारायच्या आहेत. दोघांचंही बरोबर होतं. कोपऱ्यावर थोरल्या वेशीची जीप येऊन थांबली होती. ती आमच्या गल्लीत शिरत नसे, शिरली असती तर काचा राहिल्या नसत्या. मी उंबऱ्यावर बसलो होतो. जावं असं वाटत नव्हतं आणि राहावं असंही वाटत नव्हतं. ज्याला विचारायचं तो माणूस मडक्यात भरून मी नदीत सोडून आलो होतो.

आई आतून आली. तिच्या हातात भाताची ताटली होती. तीन दिवसांत ती एकदाही रडली नव्हती. बायका येऊन तिच्या गळ्यात पडायच्या, रडून घ्यायच्या, ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची आणि चहाला पाणी ठेवायला उठायची. बायका आपसात कुजबुजत होत्या की असं कोंडून घेणं बरं नव्हे.

"खा आन् जा," ती म्हणाली.

मामा काहीतरी बोलायला लागले. तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुझा आबा स्वतःच्या लग्नादिवशी मॅच खेळून आलता," ती म्हणाली. "हळदीच्या अंगानं. उठ."

जीपमध्ये सगळ्यांनी माझ्या तुळतुळीत डोक्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. मानसिंगराव पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागे वळून, फार वाईट झालं, असं म्हटलं, नोकरीची काळजी करू नको असंही म्हटलं. माणूस वाईट नव्हता.

स्टेडियम भरलं होतं. कोल्हापूरकर फायनलला दुकानं बंद करून येतात. आम्ही बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा नागझरीचा संघ मैदानावर येऊन उभा होता. प्रत्येकाच्या दंडावर काळी फीत होती. गोलकीपरच्या, राखीव खेळाडूंच्या, अगदी पाण्याच्या बाटल्या धरणाऱ्याच्याही. मला आधी कळेना, कोण गेलं. मग कळलं.

मी मानसिंगरावांकडे गेलो आणि मलाही एक फीत हवी आहे असं सांगितलं. ते अडचणीत पडले. म्हणाले, दिली असती रे, पण त्यांनी लावलीय ना. तूही लावलीस तर गॅलरीतून बघणाऱ्याला वाटेल तू त्यांच्यातलाच आहेस. आज फायनल आहे. त्यांचं म्हणणं त्यांच्या परीनं बरोबरच होतं. ते दुसरीकडे बघायला लागले, मी लेस बांधायला वाकलो. माझ्या बापासाठी ज्यांनी फीत लावली होती ते अकरा जण समोर होते आणि मला त्यांच्यावर गोल करायचा होता.

शिट्टी वाजली.

फॉरवर्ड म्हणजे गोल मारणारा, असं बघणाऱ्याला वाटतं. खरं तर फॉरवर्डचा निम्मा जन्म गोलकडे पाठ करून जातो. मागून स्टॉपर अंगाला लागलेला असतो, त्याचा गुडघा मांडीत, कोपर बरगडीत. त्याच्यावर रेलून चेंडू घ्यायचा, तो कुठल्या बाजूला झुकलाय ते पाठीनं ओळखायचं आणि उलट्या बाजूनं वळायचं. माझं सगळं कसब त्या रेलण्यात होतं. आणि सिकंदरइतकं माझ्या पाठीला कुणीच ओळखत नव्हतं. लहानपणापासून सरावात तोच माझ्यामागे असायचा.

पहिला उंच चेंडू आला तसा मी सवयीनं मागे रेललो. मागे कुणी नव्हतं. मी सपशेल पडलो, पार्श्वभागावर, भर स्टेडियममध्ये. एरवी नागझरीच्या गॅलरीला हे आठवडाभर पुरलं असतं. मी तसाच बसून वर पाहिलं. गॅलरी गप्प होती. सिकंदर माझ्यापासून चार हात लांब उभा होता, हात कमरेवर.

पुन्हा तेच. चेंडू माझ्याकडे आला की तो मागे सरकायचा. बॅकही माझ्या वाटेवरून बाजूला व्हायचे. गोल मात्र ते जीव तोडून राखत होते. माझा पास दुसऱ्या कुणाकडे गेला की त्याच्यावर तुटून पडायचे, आमच्या डाव्या विंगरला तर त्यांनी दोनदा साइडलाइनबाहेर भिरकावला. फक्त मला कुणी शिवत नव्हतं. आमचा कोच बाहेरून ओरडत होता की मोकळा हाईस, मार. मी मोकळा होतो आणि मला मारता येत नव्हतं. पाठीला माणूस नसला की गोल कुठं आहे तेच मला समजत नव्हतं. दोन सोप्या संधी मी गॅलरीत भिरकावल्या. मध्यंतराला मानसिंगराव म्हणाले की पोराचं मन थाऱ्यावर नाही, बदलायचा का. कोच म्हणाला, त्याला ते कव्हर करत नाहीयेत, आज ठेवूच.

उत्तरार्धात त्यांचा एक जण पायात गोळा येऊन पडला आणि खेळ थांबला. मी सिकंदरजवळ गेलो.

"शिक्या, लाग की अंगाला."

तो गवताकडे बघत होता. "न्हाई."

"का?"

"तात्यांनी सांगितलंय. ज्येच्या बापाला आपण खांदा दिला, त्येला पाय लावायचा न्हाई."

"आन् तुमी सगळ्यांनी ऐकलं?"

"आबा आमचे होते," तो म्हणाला. मग पंचांनी शिट्टी वाजवली आणि तो आपल्या जागेवर गेला.

मला भरून आलं. तीन दिवस अंगावर जो ओला टॉवेल होता त्याच्या आत काहीतरी ऊन ऊन झालं. मला वाटलं, यांनी मला माफ केलं. घाटावर तात्या बोलले ते त्यासाठीच. आबांनी जाता जाता माझं काम करून टाकलं. उद्याच नारळ घेऊन जावं, बारावा होईपर्यंतही थांबू नये, असं सगळं मी सेंटर सर्कलमध्ये उभ्या उभ्या ठरवून टाकलं. हसू नका. दुःखातला माणूस काडीलाही ओंडका समजतो.

शेवटची थोडी मिनिटं उरली असतील. आमच्या हाफनं मधून चेंडू सोडला. मी गोलकडे तोंड करून पळत होतो, त्यामुळे मागे रेलायचा प्रश्नच नव्हता. सिकंदर बाजूनं पळत होता. एक पाय घातला असता तर चेंडू त्याचा होता. त्यानं घातला नाही, नुसता पळत राहिला, लग्नाच्या वरातीत सोबतीनं चालावं तसा. गोलकीपर पुढं आला आणि माझ्या पायात झेप घ्यायच्या ऐवजी मधेच थांबला. मीही थांबायचं ठरवलं होतं का, हे मला लोकांनी पुढं पुष्कळदा विचारलं. मी काहीच ठरवलं नव्हतं. चेंडू उजव्या पायावर आला आणि पायानं त्याचं काम केलं. जाळी हलली.

थोरल्या वेशीची गॅलरी अंगावर कोसळावी तशी गर्जली. मी हात वर केले नाहीत. मी वळलो आणि नागझरीच्या गॅलरीसमोर जाऊन उभा राहिलो, बोडक्या डोक्यानं, आणि हात जोडले. आता शिव्या येणार होत्या. येऊ देत, म्हटलं. खच्चून येऊ देत. चपला येऊ देत.

एकही चप्पल आली नाही. मग खालच्या रांगेत हिंदुराव तात्या उभे राहिले. धोतराचा सोगा त्यांनी नीट केला आणि टाळ्या वाजवल्या. त्यांच्या शेजारच्यानं वाजवल्या, त्याच्या मागच्यानं वाजवल्या, आणि मग सगळ्या पेठेनं माझ्या गोलला टाळ्या वाजवल्या. बेतशीर, एका तालात, शिट्ट्या नाहीत, काही नाही.

मी अशा टाळ्या ऐकल्या होत्या. मी स्वतः त्या गॅलरीत बसून वाजवल्या होत्या. गोव्याचा संघ यायचा, केरळचा यायचा, त्यांच्या फॉरवर्डनं आमच्यावर चांगला गोल केला की आम्ही अशाच टाळ्या द्यायचो. कोल्हापूर पाहुण्याला काही कमी पडू देत नाही. त्याला टाळ्या देतं, तांबडा-पांढरा रस्सा जेवायला घालतं, स्टेशनवर पोचवायला जातं. आणि घरच्या माणसाला, त्यातून घर सोडून वेशीपलीकडे गेलेल्या माणसाला, फायनलचा गोल मारल्यावर नागझरीनं आजवर काय दिलं आहे ते मी इथं लिहू शकत नाही. वर्षभर ते मला तेच देत होते. त्याला मी वैर समजत होतो. माझे हात जोडलेले होते ते सोडायचं मला सुचेना.

आम्ही जिंकलो. मॅच संपल्यावर नागझरीचे खेळाडू ओळीनं आले आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. सिकंदर शेवटी आला. त्यानं माझा हात हातात घेतला, जरा दाबला, आणि म्हणाला, "अभिनंदन." सिकंदर मुजावर, ज्यानं जन्मात मला नावानं हाक मारली नव्हती, नावाच्या जागी नेहमी आणखीच काहीतरी असायचं.

मी पुढं बरीच वर्षं खेळलो. सगळी थोरल्या वेशीकडून. दोनदा सर्वाधिक गोल माझे होते, जिल्ह्याकडून खेळलो, पतसंस्थेत कायम झालो आणि शिपायाचा क्लार्कही झालो. गुडघ्यानं सांगितलं तेव्हा सोडलं. वर्तमानपत्रात फोटोखाली थोरल्या वेशीचा सासने असं यायचं आणि त्यात काही चूक नव्हती. बारावा झाल्यावर मी नारळ घेऊन तालमीत गेलो होतो, ते राहिलं सांगायचं. कट्ट्यावर सगळे होते. कुणीतरी आतून खुर्ची आणली, तिच्यावरची धूळ पुसली. तात्यांनी नारळ घेतला, फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला, चहा मागवला. आईची विचारपूस केली. काही लागलं सवरलं तर संकोच नको, असं म्हणाले. मी गाल पुढं करून बसलो होतो. कुणी हात उगारला नाही.

पण त्या दिवशी संध्याकाळी मला यातलं पुढचं काही ठाऊक नव्हतं. मिरवणुकीला न जाता मी पायी घरी आलो. कट्ट्यावरून गेलो तेव्हा पोरं बोलायची थांबली, एकानं मान लववली. पाहुणे जेवून पांगले होते. आई चुलीपुढं बसून भांड्यांना राख लावत होती. मी पाय धुऊन तिच्याजवळ भिंतीला टेकून बसलो. तिनं विचारलं नाही की कोण जिंकलं. गल्लीत फटाके ऐकू येत नव्हते, तेवढ्यावरून तिला कळलं असणार.

"कुणी मारला गोल?" तिनं विचारलं.

"मी."

तिचा हात चालूच होता. "मग?" ती म्हणाली. "काय म्हणाली पोरं?"

ती पुन्हा म्हणाली, सांग की, काय शिव्या दिल्या, आज तर पार माझ्या माहेरापर्यंत पोचले असतील. तिच्या आवाजात थोडी गंमत होती. रोज आबा तिला सांगायचे, आज मी सांगावं अशी ती वाट बघत होती. तीन दिवसांत तिनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

"शिव्या न्हाई दिल्या," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"तात्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या."

आईचा हात थांबला. तिनं पातेलं हळूच खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, माझ्या डोक्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा विस्कटला. राखेचे हात तसेच तोंडावर घेऊन ती रडायला लागली, आवाज काढून, पोट धरून, शुक्रवारपासून जे रडायचं राहिलं होतं ते सगळं. शेजारच्या बायका दारात आल्या, त्यांना वाटलं नवऱ्याच्या आठवणीनं. मी तिला धरायला गेलो, तिनं माझा हात झिडकारला आणि मग तोच घट्ट धरला.

"गेला रं तुझा आबा," ती म्हणाली. "आता आपल्याला शिव्या घालायला कोण ऱ्हायलं?"